सगळ्याच तोफा १५५च्या कशाला?

आपल्या तोफखान्याचा १९९९ सालचा आराखडा एका ओळीत सांगता येतो: टप्प्याटप्प्याने सगळ्या फील्ड तोफा १५५ मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या करायच्या. पंचवीस वर्षं रखडलेल्या या कामाला आता कुठे वेग आलाय. अमेरिकेकडून १४५ एम-७७७ घेतल्या. के-९ वज्र आधी १०० आल्या, डिसेंबर २०२४मध्ये आणखी १०० मागवल्या. जबलपूरची धनुष आहे, आणि मार्च २०२५मध्ये एटॅग्स या ओढून न्यायच्या ३०७ तोफांचा करार झाला. एटॅग्सचं डिझाइन पुण्याच्या एआरडीई या संरक्षण-संशोधन प्रयोगशाळेचं आणि कंत्राटातला मोठा वाटा पुण्याच्याच भारत फोर्जचा, त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांत तिचं कौतुकही बरंच झालं. ते रास्त आहे, तोफ उत्तम आहे. आक्षेप तोफेवर नाही, ‘सगळ्या’ या शब्दावर आहे. जिथे पायदळ होडीतून, हेलिकॉप्टरमधून किंवा गुडघाभर पाण्यातून पुढे जातं, त्या मुलखात अठरा टनांची तोफ त्याच्या मागोमाग जाऊ शकत नाही. तिथे १०५ मिमीची हलकी तोफ आणि १२० मिमीची उखळी तोफ राहिलीच पाहिजे, आणि ती जुनीपानी उरलीसुरली म्हणून नव्हे, नव्याने बनवून, नव्या दुर्बिणी आणि नवे फ्यूज (गोळा कधी फुटेल ते ठरवणारी कळ) देऊन.

असा मुलूख आपल्याकडे किती? ब्रह्मपुत्रेचं खोरं, त्रिपुरा-कछारचा सखल भाग, सिलिगुडीच्या पट्ट्यातल्या तीस्ता-महानंदा, पंजाबातले कालवे आणि त्यांच्या काठाचे बांध, जम्मूखालचे तवीचे फाटे, कच्छचं रण. वाळवंट आणि डोंगर यांची चर्चा फार होते, या यादीची होत नाही. शिवाय पंजाबातली कोरडी दिसणारी शेतंही पाणी सोडलं की दोन दिवसांत भातखाचर होतात.

आधी वजनाचा हिशेब. लाइट फील्ड गन, म्हणजे आपली १०५ची हलकी तोफ, साधारण २.४ टनांची आहे आणि मारा १७ किलोमीटरच्या थोडा पुढे. एम-७७७ टायटॅनियम वापरून ४.२ टनांपर्यंत उतरवली, म्हणून ती हलकी म्हणवते. धनुष १३ टनांच्या आसपास, एटॅग्स १८ टन. वज्र ४७ टनांची, पण पट्ट्यांवर चालते, त्यामुळे शेतात ती ओढून न्यायच्या तोफेपेक्षा बरी. पूल मात्र तिला तगडाच लागतो. आता हेलिकॉप्टर. एमआय-१७ व्ही-५ खाली लटकवून चार टनांपर्यंत उचलतं. लाइट फील्ड गन त्यात आरामात बसते, एम-७७७ काठावर अडते आणि मग चिनूक लागतं. चिनूक आपल्याकडे १५ आहेत. त्यातली काही कायम देखभालीत असणार, काहींची मागणी लडाखातून येणार. नदीपलीकडे उतरलेल्या एका बटालियनसाठी त्यातली दोन मिळतील या भरवशावर योजना आखायची, तर आखणाऱ्याने आधी ब्रिटन-अर्जेंटिना युद्धातला, फॉकलंड बेटांवरचा मे १९८२ आठवावा. अटलांटिक कन्व्हेयर या ब्रिटिश जहाजावर २५ मेला क्षेपणास्त्रांचा मारा झाला आणि त्यावरची तीन चिनूक त्याच्याबरोबर गेली. एकच वाचलं. पुढच्या सगळ्या मोहिमेत तोफा आणि गोळे मुख्यतः सी किंग हेलिकॉप्टरांखाली लटकून पुढे सरकले, आणि ते जमलं याचं कारण ब्रिटिशांची १०५ मिमीची लाइट गन जेमतेम १.९ टनांची होती.

फॉकलंडचं उदाहरण आणखी खोलात पाहण्यासारखं आहे, कारण तिथली जमीन आपल्या भातखाचरासारखीच वागते. वरचा थर पीटचा, म्हणजे शतकानुशतकं कुजलेल्या वनस्पतींचा, पाण्याने फुगलेल्या स्पंजसारखा. २७ मेच्या रात्री गूझ ग्रीनच्या हल्ल्यासाठी दुसऱ्या पॅरा बटालियनला तीन तोफा आणि हजाराच्या आसपास गोळे मिळाले, ते कॅमिला क्रीक हाऊसजवळ हेलिकॉप्टरने उतरवलेले. उखळी तोफा फक्त दोन. किनाऱ्यालगत उभ्या असलेल्या एचएमएस ॲरोची तोफ ऐन वेळी काही काळ अडकली. एका बटालियनच्या हल्ल्याला हा आधार अपुराच होता, पण तो मिळाला तो तोफ हलकी होती म्हणून. पुढे १३ जूनच्या रात्री वायरलेस रिजवर उखळी तोफांच्या बैठकी घसरू लागल्या, तेव्हा जवान आळीपाळीने बेसप्लेटवर, म्हणजे नळीखालच्या लोखंडी तबकडीवर, उभे राहिले आणि चौघांचे घोटे मोडले. ज्याने ओल्या जमिनीवर उखळी तोफ बसवली आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

कारण तोफ चिखलात फसते ती रस्त्यावरून उतरतानाच असं नाही. ती उडवताना जास्त फसते. तोफेच्या मागच्या लांब पायाच्या, म्हणजे ट्रेलच्या टोकाला जो फाळ असतो त्याचं काम जमिनीला धरून ठेवायचं. कोरड्या मातीत पहिल्या दोन-तीन फैरींत फाळ रुततो आणि तोफ बसते. भिजलेल्या मातीत फाळ लोण्यातल्या सुरीसारखा मागे जातो. प्रत्येक गोळ्याला तोफ काही सेंटीमीटर सरकते, जरा वळते, दुर्बिणीतून दिसणारे निशाणीचे खांब जागा सोडतात आणि तोफ पुन्हा लावावी लागते. मिनिटाला सहा गोळ्यांची तोफ अशा ठिकाणी दोनवर येते. नळी उंच धरून मारा करायचा असेल तर धक्का मागे कमी आणि खाली जास्त, मग चाकं व बैठक रुतत जाते. गावाभोवतीच्या बांबूच्या बेटांवरून गोळा पलीकडे टाकायचा तर नळी उंच धरावीच लागते, म्हणजे अशा मुलखात ही अडचण रोजची. जितका गोळा मोठा आणि चार्ज (गोळा फेकणारी दारू) मोठा, तितका धक्का मोठा, हे वेगळं सांगायला नको.

यावरचे उपाय जुनेच आहेत आणि कष्टाचे आहेत. वरचा घोटाभर राड काढून खालची घट्ट चिकणमाती गाठायची. चहूबाजूंनी चर खणून पाणी उतरतं करायचं. त्यावर फांद्या किंवा बांबूच्या चटया आडव्या, मग लाकडी स्लीपरचे दोन थर, वरचा खालच्याला काटकोनात. फाळामागे एक स्लीपर उभा गाडून त्याला खुंट्या आणि पोत्यांचा टेकू द्यायचा. पोती भरायची ती वाळूने किंवा खडीने. चिखल भरलेलं पोतं दुसऱ्या फैरीला फुटतं. तोफेमागे आठ-दहा स्लीपर धरले तरी सहा तोफांच्या बॅटरीला पन्नास-साठ लागतात, आणि एकेक दोघांना उचलावा लागतो. गोळे आणि चार्ज फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर. १०५ला हे दोन-तीन तासांत उरकतं. अठरा टनांच्या तोफेला असली बैठक बांधायची तर इंजिनिअरांची डोझर-क्रेन लागते, आणि तो डोझर तिथवर पोचला असता तर मूळ प्रश्नच उरला नसता.

मग रस्त्यावरूनच मारा करा, असं उत्तर मिळतं. १५५चा पल्ला ३०-४० किलोमीटर आहे, तोफ मागे पक्क्या सडकेवर ठेवा आणि पायदळाला जाऊ द्या पुढे. या युक्तिवादात दम आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. शत्रूच्या तोफा, त्याचे पूल, त्याची मागची कुमक यांच्यावर मारा करायला हेच बरोबर. फॉकलंडमध्येही अर्जेंटिनाच्या मोजक्या १५५ मिमी तोफांनी पोर्ट स्टॅनलीच्या आसपासून ब्रिटिशांना बरंच सतावलं. पण पायदळाला अगदी लगटून जो मारा लागतो, त्याचं गणित वेगळं आहे.

ओल्या मुलखात चढाई करणारी तुकडी बांधावरून, नाल्याच्या काठाने, एका ओळीत जाते. गोळीबार सुरू झाला की ती बांधामागे आडवी होते आणि शत्रू असतो समोरच्या बांधावर, दोनशे ते तीनशे मीटरवर. सहाशे मीटरच्या आत गोळा मागायचा तर ‘डेंजर क्लोज’ म्हणून आधी बजावायची पद्धत अमेरिकी तोफखान्यात आहे. इथे तर त्याच्या निम्म्यावरची गोष्ट चाललीय. आता दोन बाबी एकत्र येतात. एक, पल्ला वाढला की गोळ्यांचं विखुरणं वाढतं, आणि ते रुंदीपेक्षा लांबीच्या दिशेने कितीतरी जास्त असतं. तीस किलोमीटरवरून, नेमक्या आपल्या जवानांच्या डोक्यावरून मारलेला साधा गोळा शंभर मीटर आखूड पडला, तर तो कुणाच्या अंगावर पडेल? दोन, १५५च्या ४३ ते ४५ किलोच्या गोळ्याचे तुकडे १०५च्या १६ किलोच्या गोळ्यापेक्षा खूप लांब घातक राहतात. म्हणून १०५चा मारा आपल्या जवानांच्या जास्त जवळ आणता येतो. तोफ आठ-दहा किलोमीटरवर आणि शक्यतो बाजूला, आपल्या फळीला समांतर मारा होईल अशा जागी असली, तर आखूड-लांब पडणारे गोळेही शत्रूच्याच रांगेत पडतात. नदीकाठचा सडकेचा एकच बांध उपलब्ध असला की ही बाजू निवडण्याची मुभाच जाते. अचूक मार्गदर्शन असलेला गोळा हे त्याचं उत्तर आहे, पण तो महाग आणि मोजका, आणि बांधावर कुठेतरी लपलेल्या मशीनगनसाठी नेमकं ठिकाण कुणी सांगायचं हा प्रश्न तसाच. सपाट मुलखात निरीक्षकाला उंचवटा मिळत नाही. उभ्या भातात त्याला दोनशे मीटरपलीकडचं दिसत नाही.

शिवाय पायदळाला पुष्कळदा शत्रू मरायला नको असतो, आपण पुढचा बांध गाठेपर्यंत त्याने डोकं खाली ठेवायला हवं असतं. दबावाचा हा मारा मिनिटांत मोजतात, किलोत मोजत नाहीत. ढोबळ हिशेब मांडू. रात्रभराच्या हल्ल्याला हजार गोळे धरले, तर पॅकिंग-चार्जसकट १०५चे पंचवीसेक टन होतात. एमआय-१७च्या सात फेऱ्या. १५५चे साठेक टन, पंधरा फेऱ्या. मोठा गोळा जास्त नासधूस करतो म्हणून थोडेच पुरतील, हे कोरड्या जमिनीत खरं. चिखलात त्यातला बराच जोर जमीन गिळते.

हे गिळणं प्रत्यक्ष पाहण्यासारखं असतं. आपटताच फुटणारा साधा फ्यूज लावलेला गोळाही मऊ चिखलात फुटण्यापूर्वी थोडा आत गेलेला असतो. चिखलाचा एक मोठा काळा फवारा सरळ वर उडतो, तुकड्यांतले बरेचसे खड्ड्याच्या भिंतीत राहतात, आणि वीस मीटरवरचा माणूस नखशिखांत माखून उठतो. उशिरा फुटणारा फ्यूज तर इथे फुकटच. पहिल्या महायुद्धात १९१७ साली पाशेंडेलला ब्रिटिशांनी हल्ल्याआधी चाळीस लाखांहून जास्त गोळे टाकले, जमिनीचा निचरा मोडून टाकला आणि मग त्याच दलदलीत आपल्या तोफा आणि खेचरं बुडवली. त्यावर उतारा म्हणजे हवेत फुटणारा गोळा: वेळेचा किंवा रेडिओ-लहरींवर चालणारा प्रॉक्सिमिटी फ्यूज. पण इथेही मेख आहे. पाण्यावरून आणि ओल्या शेतावरून लहरी जोरात परततात, म्हणून प्रॉक्सिमिटी फ्यूज कोरड्या जमिनीपेक्षा उंचावर फुटतो आणि तुकडे विरळ पडतात. मुसळधार पावसात जुन्या पद्धतीचे नाकावर आपटून फुटणारे फ्यूज थेंबांच्या माऱ्याने वाटेतच फुटल्याचीही नोंद आहे. नव्या फ्यूजच्या तोंडाशी थेंब फोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात त्या एवढ्यासाठीच. धुराच्या गोळ्यातले डबे चिखलात बुडून विझतात, मग पडदा विरळ होतो आणि तो दाट आहे या समजुतीवर निघालेली पलटण उघडी पडते. १५५चा कापडी पिशव्यांतला चार्ज दमट झाला की वेग घटतो आणि गोळा आखूड पडतो. १०५चा चार्ज धातूच्या काडतुसात असतो, तो ही ओल जास्त सोसतो.

पाण्यावरूनच तोफ नेता येईल का? येते. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात १९६७पासून अमेरिकेच्या नवव्या डिव्हिजनने हे करून दाखवलं. पाँटून जोडून सुमारे ९० फूट लांब, २८ फूट रुंद असे तराफे केले आणि प्रत्येकावर १०५ मिमीच्या दोन एम-१०२ तोफा बसवल्या. तीन तराफ्यांची एक बॅटरी, ओढायला लँडिंग क्राफ्ट. एम-१०२ची निवड विचारपूर्वक होती: वजन दीड टन, खाली गोल बैठक, आणि ट्रेलच्या टोकाशी रोलर, त्यामुळे जागेवरच चौफेर फिरते. तराफा साधारणपणे लक्ष्याच्या विरुद्ध काठाला टेकवायचे आणि नदीवरून मारा करायचे, म्हणजे धक्क्याने तराफा काठावरच दाबला जाई. निशाणीचे खांब मागच्या जमिनीवर रोवायचे. भरती-ओहोटीने दोर सैल व्हायचे आणि ताणायचे, म्हणून ते सारखे आवळत-सोडत बसावं लागे. जिथे पाण्याची वाट नव्हती तिथे चार पायांची, मोठ्या पावलांची लोखंडी चौकट चिनूकने भातखाचरात ठेवायची आणि दुसऱ्या चिनूकने तिच्यावर तोफ. अमेरिकेकडे पैसा होता, हवाई सत्ता होती, तरी त्यांनी त्या चिखलात पायदळाबरोबर नेली ती १०५च. १५५ त्यांच्याकडे होती आणि ती पक्क्या तळांवरून मारा करत राहिली.

आपला स्वतःचा धडा १९७१चा. त्या वेळी डोंगरी डिव्हिजन पूर्व बंगालच्या नद्यांत उतरल्या आणि त्यांच्याकडची ७५ मिमीची, टनभर वजनाची, सुटे भाग करून वाहता येणारी डोंगरी तोफ पाण्याच्या मुलखात कामी येण्याजोगी निघाली. ७ डिसेंबरला सिल्हेटला पाचव्या गुरखा रायफल्सची चौथी बटालियन हेलिकॉप्टरने उतरली. दोन दिवसांत येणारी कुमक त्याहून बरीच उशिरा पोचली. ९ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने आशुगंजचा पूल उडवला आणि चौथ्या कोअरचे कमांडर सगत सिंग यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांनी पायदळ मेघनेपलीकडे रायपुऱ्याला टाकायला सुरुवात केली. माणसं पोचली, जड सामान मागे राहिलं. गावकऱ्यांच्या होड्या आणि सायकलरिक्षा हीच पुरवठ्याची साधनं. समोरचं सैन्य खचलेलं आणि आभाळ आपलं म्हणून ते निभावलं. महिनाही डिसेंबरचा, म्हणजे पाणी ओसरलेलं. हीच उडी जुलैत, समोर ताजं सैन्य आणि आभाळात शत्रूचे ड्रोन असताना मारायची झाली, तर पलीकडे गेलेल्या पलटणीला पहिले अठ्ठेचाळीस तास कोणती तोफ साथ देणार, हे आराखडा करणाऱ्यांनी सांगावं.

ड्रोनमुळे तोफेची गरजच कमी झाली, असंही हल्ली ऐकू येतं. युक्रेनमध्ये ड्रोनने काय केलं ते जगाने पाहिलंय. पण वळवाच्या पावसात, चाळीस किलोमीटर वाऱ्यात, दीड-दोन किलोचा स्फोटक भार घेतलेला छोटा ड्रोन तासभर सलग दबाव ठेवू शकत नाही. तो निरीक्षकाचा डोळा म्हणून सोन्यासारखा. उभ्या भातातून न दिसणारा बांध त्याला दिसतो. युक्रेनमधून आणखी एक शिकण्यासारखं आहे: मारा केल्यावर काही मिनिटांत जागा सोडली नाही तर उलट मारा येतो. चिखलात रुतलेली जड तोफ जागा सोडू शकत नाही. १०५ तिच्यावरचे जवान हाताने ओढून बांधाच्या पलीकडे तरी नेतात. तिचा पल्ला कमी, म्हणून ती शत्रूच्या १५५च्या टप्प्यात येते, हा तोटा मान्य. तो मागच्या वज्र आणि एटॅग्सनीच भरून काढायचा.

एकच कॅलिबर, म्हणजे नळीचा एकच व्यास, ठेवलं तर पुरवठा सोपा होतो, या मुद्द्याला मात्र फारसं वजन देऊ नये. उखळी तोफांचे गोळे तसेही वेगळे लागतातच. १०५चा गोळा देशातच बनतो. चंद्रपूरजवळच्या चांदा फॅक्टरीत गोळे भरले जातात, प्रोपेलंट भंडाऱ्यात होतं, ही साखळी दशकं चालत आलेली आहे. ती मोडायला एक आदेश पुरेल, पुन्हा उभी करायला दहा वर्षं.

मग नेमकं काय हवं? पूर्वेकडच्या आणि नदीपट्ट्यातल्या प्रत्येक ब्रिगेडमागे १०५ची एक रेजिमेंट कायम. त्या तोफांना स्वतःची दिशा स्वतः सांगणारी जायरो-यंत्रणा, म्हणजे तोफ सरकली तरी खांब शोधत बसायला नको. भारत फोर्जने १०५ची तोफ धक्का कमी करणाऱ्या यंत्रणेसह छोट्या चारचाकी गाडीवर बसवून दाखवलेली आहे. कमी धक्क्याचा खरा फायदा मऊ जमिनीत आणि तराफ्यावर, तेव्हा चाचणी तिथेच घ्यावी. पायदळाची चिलखती गाडी बीएमपी-२ पाण्यात पोहते आणि तिच्या मागची तोफ काठावर थांबते, ही विसंगती घालवायला तिच्याच चासीवर १२० मिमीची उखळी तोफ हवी. ८१ची आहे, तिचा पल्ला तोकडा. गोळ्यांच्या साठ्यात हवेत फुटणाऱ्या फ्यूजचं प्रमाण या ब्रिगेडांसाठी निराळं ठरवावं.

आणि सराव पावसात. पोखरण आणि महाजनच्या वाळूत तोफ कशी बसते ते सगळ्यांना ठाऊक आहे. देवळालीचं तोफखाना विद्यालय ज्या काळ्या मातीवर आहे ती जुलैत बुटाला चिकटून किलोभराची होते, तिथल्या तिथे फाळ किती मागे जातो हे प्रत्येक तोफेसाठी मोजता येईल. पुढची पायरी ब्रह्मपुत्रेची: इंजिनिअरांचा तराफा, त्यावर दोन लाइट फील्ड गन, पाणी चढतं असताना पन्नास गोळे, आणि प्रत्येक गोळ्यानंतर तराफा किती हलला याची नोंद. यापुढच्या तोफांच्या मागणीपत्रात पल्ला, कॅलिबर, फैरींचा वेग यांच्या रकान्यांशेजारी दोन रकाने वाढवावेत: भिजलेल्या चिकणमातीत सलग वीस गोळ्यांनंतर तोफ किती सरकली, आणि ती एमआय-१७ने उचलली का.